“४ जीबीचं कार्ड टाकून देतो भाऊ, कोणताही गेम चालते!”

कापूस विकायला नेला की आपल्या कास्तकाराचं काय होतं, हे वर्धा जिल्ह्यात कोणाला सांगायची गरज नाही. सीसीआयच्या केंद्रावर ग्रेडर ढिगात यंत्र खुपसतो आणि ओलावा पाहतो. ८ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात, १२च्या वर गेला की गाडी परत. धाग्याची लांबी पाहतात, फरदड मिसळली का पाहतात. ठीक आहे, पाहा बापा.

पण त्याच कापसाचा चुकारा खिशात घेऊन आपण दुकानात जातो तेव्हा आपण कोणतं यंत्र खुपसतो? कोणतंच नाही. समोरचा म्हणेल तो भाव, समोरचा म्हणेल तो माल.

झालं असं. माझा भाचा हिंगणघाटकडच्या एका गावात राहतो. बारावी झाली, कॉम्प्युटर शिकतो, गेमचाही शौक आहे. भाऊजींनी ३४ हजार मोजून त्याला ‘गेमिंग पीसी’ घेऊन दिला. काचेचा डबा, आत लाल-निळे लाइट. दुकानदारानं छातीठोक सांगितलं, “४ जीबी ग्राफिक्स कार्ड टाकून देतो भाऊ, कोणताही गेम चालते.” पोरानं दोन रात्री जागून रेड डेड रिडेम्प्शन २ डाउनलोड केला. सुरू केला तर घोड्यानं एक पाय उचलला की चित्र गोठायचं, मग दुसरा पाय. भाऊजी म्हणाले, “इंटरनेट स्लो असेल.” मी गेलो, डबा उघडला. आत जीटी ७३०.

ज्यांना कळलं त्यांनी कपाळावर हात मारला असेल. ज्यांना नाही कळलं त्यांच्यासाठीच ही पोस्ट आहे.

जीटी ७३० हे कार्ड २०१४ सालचं. तेव्हाही ते गेमसाठी नव्हतंच, जुन्या कॉम्प्युटरला स्क्रीन जोडायला होतं. त्याच्या पिढीच्या कार्डांसाठी एनव्हिडियानं नव्या गेमचे ड्रायव्हर देणं २०२१ मध्येच बंद केलं. तरी हे कार्ड आणि त्याचा धाकटा भाऊ जीटी ७१० आजही ‘४ जीबी’, ‘२ जीबी’ म्हणून नव्या खोक्यात विकले जातात. हे म्हणजे फरदडीचा कापूस पहिल्या वेच्याच्या भावानं गळ्यात मारणं झालं.

आता हा ‘जीबी’चा खेळ समजून घ्या. जीबी म्हणजे गोदाम. गोदाम मोठं असलं म्हणून माल लवकर बाहेर येत नाही, ते दाराच्या रुंदीवर आहे. त्या गेमच्या कंपनीनं किमान म्हणून जीटीएक्स ७७० हे कार्ड सांगितलं आहे, तेही २ जीबीचं! म्हणजे गोदाम निम्मं. पण त्याचं दार २५६ बिटचं आणि मेमरी जीडीडीआर५. सेकंदाला २२४ जीबी माल ये-जा करतो. भाच्याच्या कार्डाचं दार ६४ बिटचं, मेमरी डीडीआर३, सेकंदाला जेमतेम १४ जीबी. पंधरा-सोळा पट फरक! आणि दुकानदार सांगतो काय, ४ जीबी.

सगळा दोष गावातल्या दुकानदाराचा आहे असं मी म्हणत नाही. तो नागपूरहून माल आणतो, मार्जिन थोडं, आणि गिऱ्हाईकच विचारतं “किती जीबी?”, तर तो तेच सांगणार. खोटं वरूनच सुरू होतं. जीटी १०३० हे कार्ड २०१७ साली जीडीडीआर५ मेमरी घेऊन आलं. पुढच्या वर्षी त्याच नावानं डीडीआर४वालं आणलं, माल ये-जा करायचा वेग जवळपास तिपटीनं कमी. आरटीएक्स ३०५० नावाची दोन कार्डं आहेत, ८ जीबीचं आणि ६ जीबीचं. फरक फक्त मेमरीचा वाटतो, पण ६वाल्याच्या आतला प्रोसेसरही कापलेला आहे. एएमडीच्या आरएक्स ५८०चा तोच प्रकार. ‘२०४८एसपी’ अशी शेपटी लावलेलं आरएक्स ५८० म्हणजे आतून आरएक्स ५७०, आणि विकताना ती शेपटी कोणी सांगत नाही.

मात्र गिऱ्हाईक ओरडलं की काय होतं, तेही पाहा. २०२२ मध्ये एनव्हिडियानं आरटीएक्स ४०८० नावाची दोन वेगवेगळ्या ताकदीची कार्डं जाहीर केली. जगभर बोंब झाली आणि महिन्याच्या आत १२ जीबीवालं मागे घ्यावं लागलं. जीटीएक्स ९७०च्या ४ जीबीतला अर्धा जीबी संथ निघाला, तर अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांनी कोर्टात खेचून माणशी ३० डॉलर वसूल केले. आपण काय करतो? “जाऊ दे ना बाप्पा, कोण भांडते.”

आणि भांडत नाही त्याचं खरं कारण वेगळंच आहे. आपल्याला लाज वाटते. मोटरपंप फसवा निघाला असता तर भाऊजी चार माणसं घेऊन दुकानात गेले असते. पण गेमच्या कार्डासाठी भांडायला गेलं तर लोक म्हणतील, “पोट्ट्याच्या गेमसाठी भांडून राह्यला काय?” घरातल्यांनीच पोराला सुनावलं, बरं झालं, अभ्यास कर आता. अरे, ३४ हजार गेले त्याचं काय? गेम चांगला की वाईट हा वाद वेगळा. पैसे लावायचे गेम आणि कॉम्प्युटरवरचे साधे गेम यातला फरक तर २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंही मानला आहे. पैशाच्या गेमवर बंदी, ई-स्पोर्ट्सला मान्यता. आपल्या पारावर मात्र अजून सगळा एकच ‘नाद’. या तुच्छतेचाच फसवणाऱ्याला फायदा होतो.

मग घ्यायचं काय? आधी स्क्रीन पाहा. साधी १०८० वाली असेल तर लाखभराचं कार्ड घेऊन काही उपयोग नाही. बजेट तीसेक हजाराचं असेल तर कार्ड घेऊच नका! रायझन ५ ५६००जी सारखा प्रोसेसर घ्या, रॅमच्या दोन पट्ट्या लावा. त्याच्या पोटातलं ग्राफिक्स जीटी ७३०ला सहज मागे टाकतं. पुढे पैसे आले की कार्ड बसवा. थोडं जास्त असेल तर आरटीएक्स ३०५०चं ६ जीबीवालंसुद्धा चालेल, पण ते ६वालं आहे हे माहीत असून आणि ६च्या भावानं घ्या. ते ७० वॉटमध्ये भागतं, वेगळी वायर लागत नाही. त्याच्या वर आरएक्स ७६०० किंवा आरटीएक्स ५०६०, पण त्यासाठी पॉवर सप्लाय नामांकित कंपनीचा पाहिजे. संध्याकाळी आपल्याकडे व्होल्टेज कसं नाचतं ते सांगायला नको, आणि मे महिन्यात पारा ४५च्या वर. त्या लोकल डब्यातल्या सप्लायवर ‘४५० वॉट’ छापलेलं असतं, तो आकडाही त्या ४ जीबीसारखाच. (आणि एक, कूलरची ओली हवा थेट कॉम्प्युटरवर सोडू नका. हे मी स्वतः करून बसलोय.)

जुनं कार्ड घेत असाल तर जास्त जपून. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि दिवसरात्र राबवलेली कार्डं बाजारात ओतली गेली. काही कार्डांचं तर आतलं नावच बदललेलं असतं. जीपीयू-झेड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर दुकानातच चालवून पाहा, बरीचशी नकली कार्डं ते नावाआधी ‘फेक’ लिहून दाखवतं. हेच आपलं ओलावा मोजायचं यंत्र.

आता बिलाचं. भाऊजींच्या बिलावर लिहिलंय, “कॉम्प्युटर सेट, १ नग”. बस्स. कार्डाचं नाव नाही, नंबर नाही. पक्कं बिल मागितलं तर “१८ टक्के वरून लागेल” म्हणे. अरे भाऊ, जीएसटी गिऱ्हाइकाला घाबरवायला आहे काय? २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. मालाचा दर्जा आणि प्रमाण कळणं हा हक्क आहे. जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ वर फोन करता येतो.

माझी मागणी एवढीच आहे, आणि ती वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव इथल्या सगळ्या कॉम्प्युटर दुकानदारांना आहे. बिलावर कार्डाचं पूर्ण नाव, मेमरीचा प्रकार, बिट आणि सिरियल नंबर लिहा. एका ओळीचं काम आहे. जे प्रामाणिक आहेत (आणि आहेत, मला दोघं-तिघं माहीत आहेत) त्यांना यात काही जड नाही. वजनकाट्यावर शिक्का मारणारं वैधमापन खातं आपल्याकडे आहे, ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते आहेत. त्यांनी एकदा या दुकानांतही चक्कर मारावी. आयात केलेल्या खोक्यावर आयातदाराचं नाव आणि एमआरपी असायलाच पाहिजे, तेवढं जरी पाहिलं तरी पुष्कळ.

भाऊजी आधी तयार नव्हते. काल रात्री फोन आला, “सोमवारी चाल मग दुकानात.” बिल, खोकं आणि जीपीयू-झेडचा फोटो भाच्यानं पिशवीत भरून ठेवलाय. काय होते ते मंगळवारी लिहितो.