पात्र

भांडे विकत घेणे ही आपल्याकडे सोपी गोष्ट मानली जात नाही. धनत्रयोदशीच्या आधी भांड्यांच्या दुकानात क्षणभर उभे राहून पाहावे. बायका पातेले हातात घेतात, आधी उपडे करतात, बुडाला टिचकी मारून आवाज ऐकतात, काठावरून बोट फिरवतात आणि मग दुकानदाराला म्हणतात, "जरा जाड बुडाचं दाखवा." जाड बूड कशासाठी? तर खीर खाली लागू नये म्हणून. लोणच्याला चिनी मातीची बरणी, कारण आंबट-खारटाशी धातूचे पटत नाही. दह्याला मातीचे गाडगे, कारण ते जादा पाणी ओढून घेते. पिण्याच्या पाण्याला माठ, कारण तो पाझरतो आणि पाझरतो म्हणूनच गार करतो. आत काय ठेवायचे ते पाहून भांडे निवडावे, या शास्त्रातल्या पंडिता घरोघरी आहेत. विद्यापीठ त्याची परीक्षा घेत नाही, एवढेच.

पण आत ठेवायची वस्तू जिवंत असेल तर? म्हणजे जी श्वास घेते, घाबरते, थकते आणि आपल्या हयगयीने मरते अशी? तर हे शास्त्र एकदम निराळे होते. ते मला शिकायला मिळाले ते भुलेश्वरला नव्हे, तर सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, आणि तेही एका अकरा वर्षांच्या गुरूकडून.

माझी धाकटी बहीण मिनियापोलिस शहराच्या एका उपनगरात राहते. 2022 च्या डिसेंबरात मी तिच्याकडे गेलो होतो. मिनेसोटा हे कॅनडाच्या सीमेला टेकलेले राज्य. 'दहा हजार तळ्यांचा प्रदेश' हे त्याचे बिरुद आहे, आणि ते विनयाने घेतलेले बिरुद म्हणायचे. कारण दहा एकरांहून मोठी तळी मोजली तर ती भरतात 11,842. हिवाळ्यात ही सारी तळी गोठतात आणि लोक घरात न बसता त्यांच्यावर जाऊन बसतात! बर्फाला गिरमिटाने भोक पाडायचे, त्यातून गळ सोडायचा आणि मासा लागण्याची वाट पाहायची. लहान मुले, आजोबा, नवराबायको, सगळे या वेडात सामील. सरकारी सूचना अशी, की चालत जायचे तर नवा, स्वच्छ बर्फ निदान 4 इंच जाड हवा. आपण गच्चीच्या स्लॅबची जाडी विचारतो, तसे हे लोक तळ्याची विचारतात.

वर एवढा बर्फ असताना खाली मासे जगतात कसे, हा प्रश्न तुमच्यासारखाच मलाही पडला होता. त्याचे उत्तर असे, की पाणी सर्वांत जड असते ते 4 अंश सेल्सियसला. त्याहून थंड झाले, की ते हलके होऊन वर राहते आणि तिथेच गोठते. त्यामुळे वर बर्फाचे झाकण आणि खाली चार अंशांच्या आसपासचे पाणी. निसर्गाने बनवलेले हे झाकणाचे भांडेच! बाहेर उणे वीस असो की उणे तीस, आतल्याला फारसा पत्ता नाही.

आमच्या भाच्याला हे वेड दोन वर्षांपूर्वी लागले होते. मामाने काहीतरी घेऊन द्यायचे ठरलेच होते. तेव्हा त्याने मागितली आमिषाची बादली.

"आमिषाला बादली कशाला रे?" मी विचारले. माझ्या आजोळी, मालवणाकडे, खाडीवर गरवायला जाणारी पोरे करवंटीत ओली माती घालून त्यात गांडुळे नेत. करवंटी फुटली तर दुसरी. पात्रनिवडीचा प्रश्न तेवढ्यात सुटत असे.

"मामा, इथे बाहेर ठेवलेलं गांडूळ खिळ्यासारखं कडक होतं," तो म्हणाला.

त्याने सविस्तर सांगितले, ते असे. आमिषे दोन प्रकारची. एक अळ्या. मधमाश्यांच्या पोळ्यातले मेण खाणाऱ्या एका पतंगाच्या या अळ्या छोट्या डबीत लाकडाच्या भुशात ठेवून विकतात. डबी बाहेर ठेवावी तर अळ्या गोठतात. फार दिवस उबेत ठेवावी तर त्या कोष करून पतंग व्हायच्या मार्गाला लागतात. म्हणून जाणते लोक तळ्यावर असताना डबी कोटाच्या आतल्या खिशात ठेवतात. डबी बसकी, गोल आणि घट्ट झाकणाची हवी. खिशात झाकण उघडले तर काय होईल, ते मी सांगत नाही. दिवाळीचा फराळ चालू असेल.

दुसरे आमिष म्हणजे 'मिनो' नावाच्या बोटभर मासोळ्या. या जिवंतच हव्यात. गळाला लावलेली मासोळी पाण्यात हलते, आणि त्या हालचालीवर पाइकसारखा मोठा मासा झेप घेतो. खरी अडचण या मासोळ्यांची. दुकानापासून तळ्यापर्यंत आणि तळ्यावर पाच-सहा तास त्यांना जिवंत ठेवायचे कशात?

आम्ही तिघे दुकानात गेलो. मी, भाचा आणि आमचे मेहुणे. एका भिंतीला बादल्याच बादल्या. पत्र्याच्या, पातळ प्लास्टिकच्या, थर्मोकोलच्या. आणि सर्वांत वर, देव्हाऱ्यात ठेवावी तशी, दुहेरी भिंतीची, झाकणाची, बॅटरीवर हवा सोडणारा पंप जोडलेली एक राजेशाही बादली. मेहुणे सरळ तिच्याकडे वळले. "दादा, घ्यायची तर हीच," ते म्हणाले. "उगाच स्वस्तातली घेऊन मासे मारायचे कशाला?" पैसे माझे होते, हा भाग अलाहिदा.

दुकानदार वयस्कर होता. गल्ल्यापेक्षा माशांत जीव असलेला. त्याने वरची बादली खाली काढलीच नाही. म्हणाला, "आधी एक सांगा, मासोळ्या कशाने मरतात?"

"थंडीने," मेहुणे म्हणाले.

"छे! त्या थंडीतच राहतात. त्या मरतात एकदम झालेल्या बदलाने."

मग त्याने जे समजावून दिले, ते मी वर्गात टिपण घ्यावे तसे मनात टिपले. गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. शून्य अंशाच्या एक लिटर पाण्यात सुमारे 14.6 मिलिग्रॅम, तर पंचवीस अंशांच्या पाण्यात जेमतेम सव्वाआठ. शिवाय गारठ्यात माशाचा देह संथ चालतो, त्याला प्राणवायू लागतोही कमी. म्हणजे थंडी ही मासोळीची मैत्रीणच. पण दुकानातल्या टाकीतून काढून भलत्याच तापमानाच्या पाण्यात तिला टाकले, की तो धक्का तिला सोसत नाही. म्हणून बादलीचे काम ऊब देण्याचे नाही. बाहेरचा फरक आत हळूहळू पोचू देणे, एवढेच तिचे काम.

या कसोटीवर एकेक बादली आपोआप बाद होत गेली. पत्र्याची दिसायला टिकाऊ. पण पत्रा आतली उष्णता भराभर बाहेर घालवतो, आणि तासाभरात काठाला बर्फ धरतो. पातळ प्लास्टिक त्याहून बरे, पण उणे वीसमध्ये आपटले तर तडकते. थर्मोकोल उत्तम, उष्णता धरून ठेवण्यात त्याचा हात धरणारे नाही, आणि किंमत पाचेक डॉलर. मात्र अंगाने नाजूक. बर्फावरून ओढताना कोपरा लागला, की खेळ खलास. आणि पंप? गर्दी असेल, प्रवास लांबचा असेल, तर हवाच. पण तळ्यावर तोच पंप उणे वीसची हवा पाण्यात सोडून पाणी आणखी गार करतो, आणि थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. "मासोळ्या कमी घ्या," म्हातारा म्हणाला, "म्हणजे पंपाची गरज पडणार नाही." गिऱ्हाइकाला माल कमी घ्यायला सांगणारा दुकानदार मी बऱ्याच वर्षांनी पाहिला.

शेवटी ठरले ते असे, की थर्मोकोलची बादली आत आणि तिच्याभोवती जाड प्लास्टिकची एकोणीस लिटरची साधी बादली. एक ऊब राखील, दुसरी मार खाईल. आतून पांढरी, म्हणजे मासोळ्या दिसतात. गोल, म्हणजे कोपऱ्यात कोंडून घ्यायला जागा नाही. वर झाकण, म्हणजे पाणी हिंदकळत नाही. आणि आंबे काढायच्या झेल्याची धाकटी बहीण शोभेल अशी एक छोटी जाळी. कारण त्या थंडीत मासोळी काढायला हात पाण्यात घातला, तर पुढचा अर्धा तास तो हात आपला नसतो.

सगळे घेऊन झाल्यावर भाच्याने विचारले, "मामा, त्यांना गळालाच लावायचंय ना? मग इतकं सांभाळायचं कशाला?"

मेहुण्यांनी खिसे चाचपायला सुरुवात केली. दुकानदार म्हणाला, "मेलेली मासोळी हलत नाही, म्हणून." उत्तर बरोबर होते. पण मुलाचे समाधान झाले नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही.

घरी आल्यावर पाण्याचे प्रकरण निघाले. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन असतो, आणि तो माशालाही मारतो. साधा क्लोरीन असेल तर पाणी रात्रभर उघडे ठेवले की उडून जातो. परंतु कित्येक शहरांत क्लोरामाइन वापरतात, आणि ते असे उडत नाही. त्याला औषधाचे थेंब घालावे लागतात. भाच्याने दोन कॅन भरले, थेंब मोजून घातले आणि ते थंड गॅरेजमध्ये नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातून मासोळ्यांची पिशवी आणली, तीही दोनच डझनांची. ती गाठ न सोडता बादलीतल्या पाण्यावर तशीच तरंगत ठेवली. अर्ध्या तासाने गाठ सोडून बादलीतले थोडे पाणी पिशवीत घातले. आणखी थोडे थांबला. मग जाळीने एकेक मासोळी अलगद बादलीत सोडली.

बहीण स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहत होती. ती 2010 च्या जानेवारीत लग्न होऊन दादरहून थेट इथे आली. अंगावर शाल, पायांत चपला आणि बाहेर कमरेएवढा बर्फ. ती हसून म्हणाली, "दादा, मला नाही रे कुणी असं पिशवीत तरंगत ठेवलं!" सगळे हसलो. मेहुणे जरा कमी हसले.

मिनेटोन्का तळ्यावर आम्ही दिवसभर बसलो. बादलीत पाण्यावर बर्फाची साय धरली, की भाचा ती जाळीने काढून टाकी. दोन क्रॅपी मासे लागले. संध्याकाळी बादलीत नऊ मासोळ्या उरल्या होत्या, एकजात जिवंत. मला वाटले, त्यांना आता भोकातून तळ्यात सोडून द्यावे, पुण्यही लागेल.

"नाही मामा, ते बेकायदा आहे," भाचा म्हणाला.

बाहेरचे मासे तळ्यात सोडायचे नाहीत, आणि तळ्याचे पाणी बादलीतून बाहेर न्यायचे नाही. उरलेल्या मासोळ्या ठेवायच्या तर निघण्यापूर्वी बादलीतले पाणी ओतून बरोबर आणलेले स्वच्छ पाणी भरायचे. ठेवायच्या नसतील तर केराच्या डब्यात. हा नियम कठोर वाटतो, पण त्याला कारण आहे. झेब्रा शिंपला नावाची एक युरोपातली शिंपली जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांत शिरली. 1988 मध्ये ती प्रथम दिसली. 1989 मध्ये मिनेसोटातल्या डुलुथ बंदरात पोचली, आणि 2010 मध्ये मिनेटोन्का तळ्यात. तिची पिले डोळ्यांना दिसत नाहीत. बादलीभर पाण्यातून ती या तळ्यातून त्या तळ्यात जातात. आपल्याला हे नवे नाही. दक्षिण अमेरिकेतली जलपर्णी आपल्याकडे आली ती जांभळ्या फुलांची शोभा म्हणून, आणि आज पुण्याच्या नदीत पाणी कुठे आहे ते शोधावे लागते.

भाच्याने गाडीच्या मागच्या भागातून दुसरा कॅन आणला. गाडी गरम असताना त्याने तो जाणून मागे, गारव्याला ठेवला होता. बाप म्हणत होता, "अरे, अंधार पडतोय, टाक एकदम." हा आपला थोडे जुने काढतो, थोडे नवे घालतो, थांबतो, मासोळ्यांकडे पाहतो, पुन्हा थोडे घालतो. पुढच्या शनिवारी त्या गळालाच लागणार होत्या, हे त्याला पक्के ठाऊक होते. पण दुकानात विचारलेला प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही. तो ज्या रीतीने पाणी घालत होता, तेच त्याचे उत्तर असावे. उद्या काय होणार ते ठरलेले असेल. आज त्या आपल्या बादलीत आहेत, आणि आहेत तोवर त्यांचे आपल्याकडे लागते.

मराठीत 'पात्र' हा शब्द मोठा गमतीचा आहे. पात्र म्हणजे भांडे; नदी जिच्यातून वाहते ती जागाही पात्रच. आणि एखाद्या गोष्टीस लायक असलेला माणूस, तोही त्या गोष्टीस पात्र. वर्षानुवर्षे हा शब्द मी वर्गात शिकवतो. पण भांडे आणि लायकी यांना भाषेने एकाच शब्दात का बसवले असेल, याचा मला नीट उलगडा झाला तो त्या बर्फावर. दुसऱ्याचा जीव ज्याच्यात ठेवला, त्याची परीक्षा तिथेच होते.

परवा बहिणीचा फोन आला होता. कोल्हापूरचे एक नवे जोडपे जानेवारीत त्यांच्या शहरात येणार आहे. मुलीने अजून बर्फ पाहिलेला नाही. बहीण दोन जाड कोट घेऊन विमानतळावर जाणार आहे, आणि पहिले आठ दिवस त्यांना आपल्याच घरी ठेवून घेणार आहे.

"अगं, ओळख ना देख," मी म्हटले. "त्यांना परस्पर त्यांच्या घरी जाऊ दे की."

"जातील रे," ती म्हणाली. "आधी जरा पिशवी तरंगू दे. मग गाठ सोडायची."