शटरचा नंबर कोणी ठरवायचा?

विद्यार्थिमित्रांनो, ‘गॅरेज’ म्हटले की आपल्या जळगाव-धुळ्याकडे मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत मात्र या शब्दाने घरची गाडी ठेवण्याची खोली समजतात. तशा खोल्या आता आपल्याकडेही बांधल्या जात आहेत. जळगावच्या नव्या कॉलन्यांत किंवा धुळ्याच्या देवपूर भागात एखाद्या बंगल्याच्या तळमजल्यावर लोखंडी शटर, वर मोटर आणि बाहेर भिंतीवर अंकांची छोटीशी पाटी दिसते. पाटीवर ठरलेला नंबर दाबला की शटर वर जाते. पाटीपासून मोटरपर्यंत तार नसते. निरोप रेडिओ लहरींवरून जातो. म्हणून या पाटीला वायरलेस कीपॅड म्हणतात. दुकानांची शटरे आणि कंपाउंडची फाटके यांनाही ती बसवता येते.

अशी वस्तू घेताना काय होते पाहा. पत्रा किती जाड, मोटर किती वजन उचलते, गॅरंटी किती वर्षांची, याची कसून चौकशी होते. नंबराचा प्रश्न मात्र शेवटी, कारागीर हत्यारे पिशवीत भरत असताना निघतो. मग तो स्वतःच काहीतरी सोपा नंबर भरून देतो, नाहीतर कारखान्यातून आलेला १२३४ तसाच राहतो. माझे मत असे आहे की कीपॅडची निवड आणि त्यात नंबर भरणे हे काम घरातल्या शाळकरी मुलामुलींनी, वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन, स्वतः करावे. त्यासाठी लागणारे ज्ञान बहुतेक तुमच्या दप्तरातच आहे.

प्रथम अंकगणित. चार अंकी नंबर ०००० पासून ९९९९ पर्यंत १०,००० होतात. एक नंबर दाबून पाहायला ३ सेकंद धरले, तर सगळे नंबर तपासायला ३०,००० सेकंद, म्हणजे ८ तास २० मिनिटे लागतील. कुठलाही चोर भर रस्त्यावर इतका वेळ उभा राहणार नाही. पण आपणच त्याचे काम हलके करून ठेवतो. घरातल्या कोणाचे तरी जन्मसाल नंबर म्हणून ठेवले, तर १९४० ते २०२० अशी फक्त ८१ साले तपासावी लागतात. तेवढ्याला सुमारे चार मिनिटे लागतात.

दुसरा फितूर म्हणजे आपली धूळ. उन्हाळ्याच्या वाऱ्याने कीपॅडवर धुळीचा थर बसतो आणि नेमकी रोजच्या वापरातली बटणे तेवढी स्वच्छ राहतात. चार बटणे स्वच्छ दिसली, तर चार अंक कळले; उरला फक्त क्रम. चार वेगवेगळ्या अंकांच्या मांडण्या ४ × ३ × २ × १ = २४. त्यांना ७२ सेकंद पुरतात! आता नंबरात एक अंक दोनदा घ्या. स्वच्छ बटणे तीनच दिसतील, पण मांडण्या मात्र ३६ होतात, म्हणजे वाढतात. हे कसे, ते वहीत मांडून पाहा. दोनच अंक वापरले तर किती होतील, तेही मोजा. तो आकडा २४ पेक्षा बराच कमी येईल. यातून निघणारा धडा सोपा आहे: बटणे आठवड्यातून एकदा सगळीच पुसावीत आणि नंबर अधूनमधून बदलावा. शिवाय चार-पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर जो कीपॅड काही मिनिटे आपोआप बंद पडतो, तोच निवडावा.

आता भौतिकशास्त्राकडे वळू. अशी अनेक उपकरणे ४३३.९२ मेगाहर्ट्झ या वारंवारतेवर चालतात. प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते. ती येथे सुमारे ६९ सेंटिमीटर येते. तिचा चौथा भाग सुमारे १७ सेंटिमीटर. मोटरच्या डबीतून तेवढ्याच लांबीची एक तार बाहेर लोंबत असेल, तर तो अँटेना आहे. दिसायला बरे दिसावे म्हणून ती तार कापणे, गुंडाळणे किंवा लोखंडी पेटीत कोंबणे, यामुळे कीपॅडचा पल्ला घटतो. मग दोष मात्र बिचाऱ्या कीपॅडला मिळतो. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्याही वर जातो आणि उन्हात तापलेली डबी हवेपेक्षा कितीतरी गरम होते. त्यामुळे आतला सेल लवकर खराब होऊ शकतो. कीपॅड सावलीच्या भिंतीवर, लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर आणि शटर डोळ्यांसमोर राहील अशा जागी लावावा. खाली कोणी नाही हे पाहिल्याशिवाय शटर बंद करू नये. वीज गेली तर शटर हाताने उघडण्याची सोय आहे ना, हेही विकत घेतानाच विचारावे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न यापुढचा आहे. कीपॅडमधून हवेत जो संकेत जातो, तो दर वेळी तोच असतो की नवा असतो? जुन्या पद्धतीच्या यंत्रांत ८ ते १२ बारीक स्विच असत. प्रत्येक स्विचच्या दोन स्थिती. म्हणजे १२ स्विचांचे २ चा १२ वा घात, अर्थात ४०९६ संकेत. एकदा स्विच लावले की तोच संकेत कायमचा. असा संकेत कोणी यंत्राने टिपून ठेवला, तर तोच पुन्हा सोडून शटर उघडता येते. टिपण्याचीही गरज पडतेच असे नाही. ते का, हे समजायला मराठीचा तास आठवा.

वृत्ते शिकताना ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र तुम्ही पाठ केले असेल. त्यातली लागोपाठची तीन-तीन अक्षरे घ्या: यमाता, मातारा, ताराज, राजभा, जभान, भानस, नसल, सलगा. लघु-गुरूंच्या तीन अक्षरी मांडण्या आठच होतात आणि त्या आठही येथे एकेकदा आल्या आहेत. आठ गण सुटे लिहिले तर २४ अक्षरे लागतात. सूत्रात ती १० मध्ये बसली, कारण प्रत्येक गणाची शेवटची दोन अक्षरे पुढच्या गणाची पहिली दोन होतात. अशा साखळ्यांवर हॉलंडचे गणितज्ञ निकोलास द ब्रॉइन यांनी १९४६ साली अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणून गणितात त्यांना द ब्रॉइनचे नाव आहे.

आता लघु-गुरूंच्या जागी ० आणि १ ठेवा. बारा स्विचांचे सर्व संकेत सुटे सुटे पाठवायला ४०९६ × १२ = ४९,१५२ खुणा लागतील. एकमेकांत गुंतवून पाठवले तर ४०९६ + ११ = ४१०७ पुरतात. अनेक जुनी यंत्रे संकेत कोठे सुरू झाला हे न पाहता शेवटच्या बारा खुणा तेवढ्या तपासत, त्यामुळे ही साखळी त्यांना चालून जाई. सॅमी कामकार या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने २०१५ साली मुलांच्या एका इलेक्ट्रॉनिक खेळण्यात फेरफार करून, ठरावीक संकेतावर चालणारी दारे दहा सेकंदांच्या आत उघडता येतात हे दाखवून दिले.

नव्या पद्धतीत संकेत दर वेळी बदलतो. तिला रोलिंग कोड म्हणतात. कीपॅड आणि मोटर या दोघांकडे एक गुप्त किल्ली आणि एक मोजणारा आकडा असतो. बटण दाबले की आकडा पुढे सरकतो आणि किल्लीने त्याचे रूप पालटून तो पाठवला जातो. वापरून झालेला संकेत मोटर पुन्हा स्वीकारत नाही, एस.टी.चे कालचे तिकीट आज चालत नाही, तसेच. ही पद्धतही अभेद्य नाही. संकेत मोटरपर्यंत पोचू न देता मध्येच टिपून तो नंतर वापरता येतो, हेही कामकारने त्याच वर्षी दाखवले. तरीही ठरावीक संकेतापेक्षा ती पुष्कळ बरी. दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न हाच: “यात रोलिंग कोड आहे का?” उत्तर देता आले नाही, तर पुस्तिका मागून घ्या आणि तिथेच उभे राहून वाचा.

काही शिक्षकमित्र म्हणतील, असल्या गोष्टी विद्यार्थ्यांच्या मासिकात कशाला? चोरांना आयते शिक्षण मिळेल! मला हा आक्षेप पटत नाही. ज्याला चोरीच करायची आहे तो हे कुठूनही शिकतो. अंधारात राहतो तो घरमालक. ऑग्युस्त केरखॉफ्स यांनी १८८३ साली सैनिकी सांकेतिक लिपीबद्दल सांगितलेले तत्त्व येथेही लागू आहे: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त राहायची ती किल्ली. ज्या कुलपाची भिस्त लोकांच्या अज्ञानावर आहे, त्याचे अज्ञान जपण्यापेक्षा ते कुलूप बदलणे शहाणपणाचे.

शेवटी नंबर भरण्याचे काम. मोटरच्या डबीवर बहुधा ‘लर्न’ असे लिहिलेले बटण असते. ते दाबून ठेवून आधीची सर्व नोंद पुसण्याची सोय पुष्कळ यंत्रांत असते. आपल्या पुस्तिकेत ती रीत पाहून आधी पाटी कोरी करा. मग ते बटण थोडा वेळ दाबून सोडा, दिवा लागला की दिलेल्या मुदतीत कीपॅडवर आपला नंबर भरा आणि मोटरने ओळख पटल्याची खूण दिली की थांबा. कारखान्याचा नंबर आता चालत नाही ना, हे लगेच दाबून पाहा. हे करताना कारागिराला नम्रपणे “दादा, दोन मिनिटे बाहेर थांबा” असे म्हणावे. त्यात त्याचा अपमान नाही. उद्या काही घडले तर त्याच्यावरही संशय येणार नाही. रंगारी किंवा गवंडी यांना चार दिवसांसाठी नंबर दिला असेल, तर काम संपले त्याच संध्याकाळी तो बदलावा.

शिक्षकांना एक विनंती. संभाव्यता, तरंग आणि गण हे तीन विषय तीन तासांत, तीन वेगळ्या फळ्यांवर शिकवले जातात. एक तास शाळेजवळच्या एखाद्या शटरच्या कीपॅडसमोर, मालकाच्या परवानगीने, घेऊन पाहा. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरी कीपॅड असेल तर आज एकच प्रश्न विचारा: याचा नंबर कोणी ठरवला? उत्तर “बसवणाऱ्याने” असे आले, तर पुस्तिका शोधायला लागा.