घरी बांधलेली होडी आणि तिच्या भाराची मर्यादा

सातारा व सांगली हे जिल्हे समुद्रकाठचे नव्हेत; तथापि पाण्याला मात्र ते पारखे नाहीत. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा वाईजवळ धोम येथे अडविली गेली, वेण्णेवर कण्हेरचे धरण झाले, उरमोडी व तारळी या नद्यांवरही जलाशय निर्माण झाले. या पाण्यात कटला, रोहू व मृगळ यांचे बीज सोडून मासळी वाढविता येते, आणि धरणाकाठच्या अल्पभूधारकास तो एक चांगला जोडधंदा होऊ शकतो. कोयना व चांदोली येथील जलाशय सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाशी निगडित असल्याने तेथील निर्बंध निराळे आहेत. ते सोडले तरी उरलेले क्षेत्र थोडे नाही.

परंतु मोठी मासळी काठावर येऊन उभी राहत नाही. जाळे खोल पाण्यात टाकावयाचे तर होडी हवी, आणि नव्या होडीची किंमत लहान मच्छीमारास झेपत नाही. मग तो आपल्या हातानेच काहीतरी तरंगते साधन तयार करतो. कोणी मोटारीच्या फुगविलेल्या ट्यूबवर फळी बांधतो, कोणी थर्माकोलचे तुकडे पोत्यात शिवतो, कोणी रिकाम्या पिंपांचा तराफा करतो. कृष्णाकाठी पूर आला की गुऱ्हाळातील काहीलही पाण्यात उतरते. या साधनांची थट्टा करणे किंवा त्यांवर सरसकट बंदीची मागणी करणे हे दोन्ही गैर आहे. गरज खरी आहे आणि ती भागविण्याची कल्पकताही खरी आहे. उणीव आहे ती एकाच गोष्टीची. साधन तरंगते एवढे पाहून समाधान मानले जाते. ते किती भारापर्यंत तरंगेल, हे कोणी मोजत नाही.

साहित्याचे गुणदोष

ट्यूब उन्हाने कुजते, आणि जलाशयात बुडालेल्या बाभळीचा एखादा खुंट तिचा घात करण्यास पुरतो. थर्माकोल हलके खरे, पण ते झिजते, त्याचे कण पाण्यात मिसळतात, आणि पेट्रोल सांडल्यास ते विरघळते. काहील पसरट असल्याने भार चांगला पेलते. परंतु ती गोल असल्यामुळे वल्ह्याच्या प्रत्येक फटक्यास गरगर फिरते, आणि काठावरून पाणी आत शिरले की लोखंडच ते, सरळ तळाशी जाते. लाकडी होडी पाण्याने भरली तरी सहसा बुडून जात नाही, हा तिचा मोठा गुण होय. बंद प्लॅस्टिकची पिंपे स्वस्त व टिकाऊ असतात. मात्र कीटकनाशकाची वा रसायनांची जुनी पिंपे जलाशयात कदापि उतरवू नयेत. त्यांतील अवशेष मासळीस आणि पाणी पिणाऱ्या गावासही अपायकारक ठरतील.

भाराचा हिशेब

हा हिशेब शाळेतील मुलासही करता येईल इतका सोपा आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. २०० लिटरचे घट्ट बुचाचे पिंप पूर्ण बुडविले तर पाणी त्यास २०० किलोचा आधार देते. अशा चार पिंपांचा आधार ८०० किलो झाला. परंतु पिंपे पूर्ण बुडेपर्यंत भार घालणे म्हणजे संकटास आमंत्रणच होय. ती निम्मी पाण्याबाहेर राहिली पाहिजेत. म्हणून हिशेबात ४०० किलोच धरावेत. त्यांतून पिंपांचे सुमारे ४० आणि बांबू-फळ्यांच्या सांगाड्याचे सुमारे १०० किलो वजा केले की २६० उरतात. दोन माणसांचे १३० व ओल्या जाळ्याचे ४० किलो धरल्यास मासळीसाठी ९० किलो शिल्लक राहतात. तिसरा माणूस चढला की ही शिल्लक २५ वर येते. चौथ्यास जागा दिसेल, पण आधार नाही.

भाराइतकेच महत्त्व तोलाचे आहे. होड्या बहुधा भाराने खचत नाहीत, तर कलून उलटतात. जाळे ओढताना दोघेही एकाच बाजूस उभे राहिले की अरुंद होडी कलते. सह्याद्रीपलीकडच्या कोकणी मच्छीमाराने यावर फार पूर्वीच उपाय शोधला. तो आपल्या निमुळत्या होडीच्या बगलेस दोन आडव्या दांड्यांनी एक ओंडका जोडतो. त्यास उलांडी म्हणतात. होडी न वाढविता रुंदीचा लाभ मिळवून देणारी ही युक्ती धरणाच्या पाण्यातही तितकीच उपयोगी आहे.

मर्यादा लिहून ठेवावी

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे महापुरातून बाहेर पडणाऱ्या ग्रामस्थांची बोट उलटली आणि १७ जण प्राणास मुकले. ती बोट मासेमारीसाठी निघाली नव्हती. पण तिचा धडा प्रत्येक होडीवाल्यासाठी आहे. गावात पाणी शिरले की जी होडी जवळ असेल तीच प्रथम हाकारली जाते, मग ती मासळीची असो वा वाळूची. पाणी दाराशी आलेले असता, लेकरे-म्हातारी माणसे काठावर उभी असता, वजनाचा हिशेब करण्याचे भान कोणास राहणार? त्या घटकेस नावाडी कोणास नाही म्हणू शकत नाही. म्हणून हा नकार त्याच्या तोंडी न ठेवता होडीच्या अंगावरच आधी लिहून ठेवला पाहिजे.

ही कल्पना नवी नाही. अतिभाराने जहाजे बुडतात हे पाहून सॅम्युअल प्लिम्सॉल यांनी इंग्लंडात चळवळ केली, आणि १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या बाजूवर भाररेषा रंगविणे बंधनकारक झाले. मोठ्या जहाजास जी रेषा आवश्यक वाटली, ती चार पिंपांच्या तराफ्यास नको असे कसे म्हणता येईल?

ही रेषा काढण्यास तज्ज्ञाची वाट पाहण्याचे कारण नाही. कमरेइतक्या पाण्यात होडी उतरवून तीत माणसे, जाळे व मासळी यांच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवावीत. होडीचा काठ पाण्यावर निदान एक वीत राहिला पाहिजे, आणि तराफ्याची पिंपे निम्मी बाहेर दिसली पाहिजेत. तेथे पांढरी रेघ ओढून शेजारी माणसांची संख्या ठळक आकड्यात लिहावी. पुढे दोन माणसांस एका बाजूस उभे करून कल पाहावा, आणि शेवटी होडी पाण्याने भरून ती तरंगते की नाही याची खात्री करावी. बुडत असल्यास आत घट्ट बुचाचे रिकामे कॅन पक्के बांधावेत. प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालावे, आणि वळिवाचे ढग दिसताच काठ गाठावा.

मच्छीमार सहकारी संस्थांनी यात पुढाकार घेणे इष्ट आहे. जलाशयाचा ठेका घेणाऱ्या संस्थेने हंगामाच्या आरंभी आपल्या सर्व सभासदांच्या होड्या एका दिवशी काठावर आणून ही परीक्षा घ्यावी आणि रेघ नसलेली होडी पाण्यात जाऊ देऊ नये. यास लागणारा खर्च म्हणजे वाळूची पोती आणि रंगाचा एक डबा. शेतकरी बैलगाडीत किती पोती घालावयाची हे बैलाकडे पाहून ठरवितो. बैल थकला तर तो बसतो, हे त्यास ठाऊक असते. होडी अशी आगाऊ सूचना देत नाही. तिच्या वतीने बोलण्याचे काम त्या पांढऱ्या रेघेने करावयाचे आहे.