अरण्य कोणासाठीं?

अलास्कांतील डेनाली राष्ट्रीय उद्यान पाहून आलेल्या सुशिक्षित कुटुंबांच्या तोंडून एक तक्रार वारंवार आमच्या कानीं येते. एवढा पैसा खर्चून गेलों, तों पर्वत ढगांत, लांडगा बेपत्ता, आणि स्वतःची मोटार पंधरा मैलांपुढें नेण्यास बंदी! बसमध्यें कोंडून घेऊन का कोठें अरण्य पाहावयाचें असतें? ही तक्रार आम्हांस मुळांतच चुकीची वाटते, व तसें स्पष्ट सांगणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

उद्यान जनतेचें आहे, मग जनतेनें तेथें मोकळेपणानें कां फिरूं नये, असें विचारलें जातें. वृद्धांस व लहान मुलांस बसचा लांबचा प्रवास सोसत नाहीं, हें आम्हीहि नाकबूल करीत नाहीं. परंतु या उद्यानाच्या जन्मकथेचा या मंडळींस विसर पडला आहे. चार्ल्स शेल्डन हे स्वतः शिकारी होते. 1906 सालीं ते त्या मुलखांत गेले, तेथील पांढऱ्या रानमेंढ्यांचा त्यांनीं अभ्यास केला, आणि मांसविक्रीसाठीं होणारी त्यांची हत्या थांबावी म्हणून खटपट केली. 1917 सालीं उद्यान स्थापन झालें. त्याची मूळ प्रेरणा मेंढ्यांचें रक्षण ही होती. प्रेक्षकांची करमणूक नव्हे.

पुढें 1972 सालीं नवा राजमार्ग झाला. सुमारें 60 लक्ष एकरांच्या त्या प्रदेशांत 92 मैलांचा एकच रस्ता. त्यावर मोटारींचा लोंढा येणार हें ओळखून अधिकाऱ्यांनीं सॅव्हेज नदीपलीकडे खासगी मोटारी बंद केल्या व बस चालू केल्या. रस्त्याकांठीं अस्वल निर्धास्तपणें रानफळें खातांना दिसतें, त्याचें श्रेय पुष्कळ अंशीं या बंदीसच आहे. मोकळीक दिली म्हणजे काय होतें, हें पाहण्यास अलास्कास जाण्याचें कारण नाहीं. 2024 च्या अखेरीस आमच्याच उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांत एक वाघीण व तिचे बछडे यांस पर्यटकांच्या गाड्यांनीं वाटेंत कोंडलें, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठास आपण होऊन त्याची दखल घ्यावी लागली. त्या गाड्यांतहि सुशिक्षित मंडळीच बसलीं होतीं!

राहिला लांडगा. तो दिसला नाहीं म्हणून बसचालकावर रागावण्यांत काय अर्थ? उद्यानाची सीमा माणसानें नकाशावर आंखली. लांडग्यास ती ठाऊक नाहीं. हिवाळ्यांत भक्ष्यामागें तो ईशान्येकडील राज्याच्या जमिनींत उतरतो. तेथें सांपळे लावण्यास मनाई असलेला पट्टा होता, तो अलास्काच्या शिकार-मंडळानें 2010 सालीं रद्द केला. 2012 सालीं ग्रँट क्रीक कळपांतील पिलें देणारी मादी सीमेबाहेर फांसांत सांपडून मेली, आणि तो कळप पांगला. हा कळप रस्त्यावरून प्रवाशांस नेहमीं दिसत असे. ज्यांस लांडगा न दिसल्याचें खरोखर दुःख आहे, त्यांनीं आपला राग या निर्णयाकडे वळवावा. मोटारीची परवानगी मिळाल्यानें मेलेली लांडगीण परत येणार नाहीं.

अ‍ॅडॉल्फ म्यूरी यांनीं 1939 ते 1941 या काळांत याच मुलखांत लांडग्यांचा अभ्यास केला. तासन्‌तास एका जागीं बसून, बिळाकडे दृष्टि लावून, त्यांनीं जें पाहिलें त्याचा ग्रंथ 1944 सालीं निघाला. लांडगा मुख्यतः दुबळ्या, म्हाताऱ्या व कोंवळ्या मेंढ्यांस मारतो, हें त्यांनीं दाखविलें. वेगानें धांवणाऱ्या मोटारींतून ही गोष्ट कोणास दिसली असती?

तेव्हां पुढल्या खेपेस जाणाऱ्यांस आमचें सांगणें एवढेंच आहे. बसमध्यें कोंडल्याची तक्रार करूं नये. साध्या फेरीच्या बसमधून वाटेंत उतरतां येतें व मागून येणाऱ्या बसमध्यें जागा असल्यास चढतांहि येतें. दुर्बीण घेऊन एखाद्या उतारावर दोन तास स्वस्थ बसावें. मेंढ्या दिसल्या तर आनंद मानावा. न दिसल्या तर त्या आपल्या कामांत आहेत असें समजावें. तिकिटाच्या पैशांत बसमधील जागा मिळते, लांडग्याची भेट मिळत नाहीं. हें ज्यांस पटत नसेल, त्यांनीं प्राणिसंग्रहालयांत जावें. तेथें पिंजऱ्यावर जनावराचें नांवहि लिहिलेलें असतें.