चढाईपटूची पारख

पिंगळी गावच्या काळ्या मातीवर, शाळा सुटल्यानंतरच्या तिरप्या उन्हात, फक्कीने आखलेली मध्यरेषा ओलांडून दम घुमवीत जाणारे अनवाणी पोर पाहिले, की त्याचे पाऊल केवळ चपळ आहे की त्यात उद्याच्या थोर चढाईपटूचे बीज आहे, हा प्रश्न आमच्या मनात उभा राहतो. प्रस्तुत अंक त्याच प्रश्नास वाहिला आहे.

२०१८ साली चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाई या नवख्याने प्रो कबड्डीत यू मुंबाकडून चढाईचे २१८ गुण मिळविले आणि पुढील लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले. त्याच २०१८ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या नवख्या खेळाडूंच्या निवडीत न्यूयॉर्क जायंट्सने चेंडू घेऊन धावणाऱ्या सॅक्वॉन बार्कलीस दुसऱ्याच क्रमांकावर पसंत केले. नवख्यावर आरंभीच किती भरवसा टाकावा, हा पेच असा दोन्ही खंडांत एकच आहे.

आमच्या मते गुणांची बेरीज हा अपुरा दाखला होय. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यावर, चढाईचे तीस सेकंद सरत आलेले, घोटा कोपरारक्षकाच्या मुठीत सापडलेला, अशा क्षणी जो न गडबडता मध्यरेषेकडे हात लांबवितो, तोच खरा मोलाचा. मात्र त्याचे गुडघे आणि खांदे जपण्याची तजवीज न करता त्याच्यावर रक्कम लावणे हा आम्ही अन्याय समजतो.

आपल्या गावच्या मैदानावर आपण अशी पारख कशी करता, हे वाचकांनी आम्हांस अगत्याने कळवावे.