मांगूर पारखा, मगच पेटीत सोडा



पोराने कुठून तरी मिशाळ मासा आणून काचेच्या पेटीत पाळायचा हट्ट धरला, तर रागावू नका. मात्र मासा आधी पारखून घ्या. आपला देशी मांगूर आता दुर्मिळ झाला असून जगाच्या धोक्यातील जातींच्या यादीत त्याची नोंद आहे. बाजारात त्याच्या नावावर पुष्कळदा खपतो तो 'थाई मांगूर'. नाव थाई, मूळ आफ्रिकेचे! तो ओढ्यात शिरला की लहान मासे, बेडूक काही ठेवत नाही. म्हणूनच २००० सालापासून देशात त्याच्या पालनावर बंदी आहे.

मिशांच्या चार जोड्या दोघांनाही असतात. पाण्याबाहेरही दोघे बराच वेळ तग धरतात, तेव्हा विकणाऱ्याने मासा जमिनीवर वळवळताना दाखवला तरी भुलू नका. देशी मांगूर साधारण एकरंगी, तपकिरी-काळपट व पोटाकडे फिका असतो. थाईच्या अंगावर काळे-करडे ढग असतात, डोके रुंद, चपटे, आणि वाढ तर विचारूच नका, कित्येक किलोंपर्यंत जातो. बोटाएवढ्या पिलांत मात्र जाणकारही फसतो. शिवाय दोघांचा संकरही विकला जातो. म्हणून पिले खात्रीच्या मत्स्यबीज केंद्रातूनच घ्या. शिंगी मासा वेगळा. त्याच्या पाठीवरचा पर अगदी आखूड, मांगुराचा डोक्यामागून शेपटीपर्यंत लांब. शिंगीचा काटा विषारी असतो, पोरांना हात लावू देऊ नका.

तीन फुटी पेटीत दोन मासे पुरेत. पाणी काठोकाठ भरू नका. मांगूर वर येऊन हवा गिळतो, तेव्हा झाकणाखाली चार बोटे जागा हवीच. झाकणावर वजन ठेवा. एका रात्री मी ते विसरलो, तर सकाळी आमचा मांगूर माठाखालच्या ओलीत सापडला, जिवंत! तळाशी बारीक गुळगुळीत वाळू घाला. टोकदार खडीने मिशा झिजतात. लपायला पाइपाचा तुकडा ठेवा. खाणे तिन्हीसांजेला द्या, कारण तो रात्रीचा हिंडणारा. गांडुळे आवडीने खातो. उरलेले काढून टाका, आणि आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. नळाचे पाणी असेल तर एक दिवस उघडे ठेवून मगच वापरा. लहान मासे सोबत सोडू नका, सकाळी दिसणार नाहीत.

वाढता वाढता अंगावर ढग दिसू लागले, तर दया येऊन विहिरीत वा ओढ्यात सोडू नका. पेटी झाकून ठेवा आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा.