सात टक्क्यांची रात्र

बर्लिन म्हटले की आपल्याकडच्या माणसाला भिंत आठवते, हिटलर आठवतो. थोडे वाचन असेल तर इरावती कर्वे १९२७ ते १९३० या काळात तिथे संशोधन करीत होत्या, हेही आठवते. नेमक्या त्याच वर्षांत त्या शहरातील कॅबरे आणि नाचघरे साऱ्या युरोपात गाजत होती, याचा उल्लेख मात्र आपण सहसा करीत नाही. दिवस विद्येचा आणि रात्र वाया गेलेल्यांची, अशी आपली वाटणी पक्की ठरलेली! जर्मन भाषेच्या अभ्यासासाठी दोन महिने तिथे राहून मी परत आलो, तेव्हा मित्रांचा पहिला प्रश्न होता, 'काय रे, तिथले बार आणि नाइटक्लब कसे आहेत?' प्रश्न अर्थात डोळा मिचकावून विचारलेला. उत्तर मात्र मी डोळा न मिचकावता देणार आहे.

बर्लिनच्या रात्रीला बंद होण्याची वेळ नाही. युद्धानंतर शहराचे पूर्व आणि पश्चिम असे तुकडे झाले, आणि गिऱ्हाईक ओढण्यासाठी दोन्हीकडची मद्यगृहे एकमेकांपेक्षा तासभर उशिरा बंद होऊ लागली. अखेर १९४९ साली त्सेलरमायर नावाच्या हॉटेलवाल्याने अमेरिकन सेनाधिकाऱ्याला गाठून पश्चिम भागातली ही वेळेची अटच काढून टाकायला लावली. जाताना त्याने व्हिस्कीची बाटली सोबत नेली होती असे सांगतात. आपल्याकडे एवढ्या कामाला किती बाटल्या लागल्या असत्या, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

दुसरी गोष्ट जागेची. ९ नोव्हेंबर १९८९ रोजी भिंत पडली आणि पूर्व बर्लिनमध्ये गिरण्या, गोदामे, वीजघरे, तळघरे ओस पडलेली आढळली. मालक कोण, हेच कित्येक ठिकाणी ठरलेले नव्हते. तरुण पोरे ध्वनिवर्धक घेऊन तिथे शिरली. १९९१ साली वेर्टहाइम या जुन्या पेढीच्या तळघरातील तिजोरीखोलीत एक क्लब सुरू झाला. त्याचे नावच 'ट्रेझोर', म्हणजे तिजोरी. गंजलेल्या लोखंडी कप्प्यांच्या शेजारी डेट्रॉइटहून आलेले कृष्णवर्णीय वादक टेक्नो वाजवीत, आणि काल-परवापर्यंत ज्यांच्यामध्ये भिंत होती ती दोन्हीकडची मुले एकाच अंधारात नाचत. दोन जर्मनींचे एकीकरण संसदेत झाले हे खरे. पण ते अंगात मुरले ते या तळघरांत, असे मला वाटते. 'उत्तम क्लब कोणता?' या प्रश्नाला म्हणूनच माझे उत्तर ट्रेझोर हे आहे. जुनी जागा २००५ साली गेली. २००७ पासून तो एका जुन्या वीजघरात आहे.

आता मूळ मुद्दा. बेर्गहाइन हा सर्वांत प्रसिद्ध क्लब. तोही जुन्या वीजघरातच, २००४ पासून. त्याच्या प्रवेशशुल्कावर कर किती, हा वाद न्यायालयात गेला. करमणूक म्हटली तर एकोणीस टक्के, संगीताची मैफल म्हटली तर सात. २०१६ साली निकाल लागला : सात टक्के! पुढे २०२० मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च कर-न्यायालयानेही अशाच एका प्रकरणात म्हटले, की तबकड्या लावणारा डीजे नुसत्या तबकड्या लावीत नाही. आपल्या यंत्रांवर तो नवे संगीत घडवितो, म्हणून ती यंत्रे वाद्येच होत. मार्च २०२४ मध्ये बर्लिनच्या टेक्नोची जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत नोंदही झाली.

हा निकाल मला शंभर टक्के पटतो. पहाटे पाच वाजता हजार माणसे एकाच तालावर हलत असतात, कोणी कोणाकडे टक लावून पाहत नाही. त्या क्षणाला संस्कृती म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे? सभागृहात खुर्चीवर बसून पेंगणाऱ्यांना?

पण मग दाराचे काय? एका नावाजलेल्या क्लबच्या रांगेत मी आणि माझा तुर्की वर्गमित्र पावणेदोन तास उभे होतो. दारावरच्या माणसाने आम्हांला नखशिखान्त न्याहाळले, 'आज नाही' एवढेच म्हटले आणि नजर मागच्या दोघांकडे वळवली. ते आत गेले. कारण विचारायची तिथे पद्धत नाही. दाराच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, हे मी नाकारीत नाही. आतली बरीच मंडळी समलिंगी असतात. बाहेरच्या जगात ज्यांच्याकडे रोखून पाहिले जाते, त्यांना निदान इथे तरी तमासगीर नकोत. त्याचसाठी फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात, आणि ती प्रथा उत्तमच आहे. तरीही ज्या दाराला सरकार संस्कृती म्हणून सवलत देते, त्या दाराने चेहरा पाहून 'नाही' म्हणावे आणि कारण देऊ नये, हे मला मान्य नाही. नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीवर आपण हे सहन केले असते काय? माझा मित्र मात्र चिडला नाही. त्याने मला क्रॉइत्सबेर्ग भागातल्या 'एसओ ३६' या १९७८ पासूनच्या जागेत नेले. एके काळी पंक संगीताचा अड्डा असलेल्या या जागी समलिंगी तुर्की आणि अरब तरुणांची 'गेहाने' नावाची नाचरात्र भरते. तिथे कोणी आमचे बूट पाहिले नाहीत.

दारापेक्षा मोठी धास्ती आता भाड्याची आहे. ज्या ओस जागांमुळे हे सारे उभे राहिले, त्या जागांना भाव आला. क्लबांमुळे वस्ती नावारूपाला आली, नावामुळे श्रीमंत भाडेकरू आले आणि त्यांनी पहिली तक्रार केली ती आवाजाची. श्प्रे नदीकाठचा 'वॉटरगेट' हा २००२ पासूनचा क्लब २०२४ च्या अखेरच्या रात्री बंद झाला. मे २०२१ मध्ये जर्मन संसदेने ठराव केला, की नगररचनेत क्लबांना जुगारअड्डे आणि वेश्यागृहे यांच्या रांगेतून काढून सांस्कृतिक वास्तूंत बसवावे. बर्लिनच्या सरकारने भिंती ध्वनिरोधक करण्यासाठी दहा लाख युरोंचा निधीही ठेवला. ही रक्कम मला योग्य जागी पडलेली वाटते. मात्र भिंत जाड करून भाडे उतरत नाही, आणि ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला सात टक्क्यांचे काही सोयरसुतक नसते.